मीटरशेजारची चावी

आमच्या ह्यांना, म्हणजे हृषीकेशरावांना, मागच्या रविवारी मराठी मंडळाने मानपत्र दिलं. मायबोलीच्या सेवेबद्दल. सेवा म्हणजे काय, तर वर्षातून एकदा सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहात उभं राहून आपले पूर्वज झाशीला कसे आले ते सांगायचं, आणि घरी येऊन "खाना लगा दो" म्हणायचं.

ते मानपत्र दिवाणाच्या वर लावायचं ठरलं. "या भिंतीतून पाण्याची लाईन गेलीय," मी म्हटलं. "मला नको शिकवू जी, घर माझं आहे," म्हणत त्यांनी ड्रिल चालवलं. दुसऱ्याच भोकाला भिंतीने पिचकारी मारली.

ड्रिलचा प्लगसुद्धा मीच ओरडून काढायला लावला. मग भोकावर तळहात दाबून उभी राहिले. सकाळचं पाणी, थेट रस्त्यावरून जोरात येणारं. बोटांच्या फटींतून दिवाणावर सांडत होतं. दिवाणाच्या पेटीत माझ्या आईची गोधडी होती. आई गेल्यापासून मी ती धुतली नव्हती, कारण तिला अजून आईचा वास होता.

"अहो, फाटकापाशी लोखंडी झाकण आहे, त्याखाली मीटर. मीटरशेजारची चावी बंद करा, पळा!"

ह्यांनी आधी मानपत्र उचलून कपाटावर ठेवलं, मग पळाले. परत आले ते रिकाम्या हाताने. "मीटर सापडलं. पण तिथं चाबी नाहीये."

"असं कसं? समोरच आहे. चावी!"

पुन्हा गेले. या खेपेला आले ते घरातल्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन. "यातली कोणती? अलमारीची का?"

मायबोलीच्या सेवकाला नळाची चावी ठाऊक नव्हती! माझ्या माहेरी, नाशकात, शेंबडी पोरंसुद्धा चावी सोड, चावी बंद कर म्हणायची. रागाने मला रडू फुटलं.

"किल्ली नव्हे हो, पाणी सोडायची-बंद करायची चावी! सरा बाजूला, मीच जाते. तुम्ही दिवाण उघडा आणि आईची गोधडी बाहेर काढा. एवढं तरी मराठी कळलं ना?"

"हो हो, समझ गया."

फाटकापाशी चावी गंजून घट्ट बसली होती. हिसका दिला असता तर तुटली असती, म्हणून हाताला ओढणी गुंडाळून, थोडी इकडे थोडी तिकडे करत, सावकाश उजवीकडे फिरवली. मीटरचा काटा थांबला. पाइपात उरलेलं पाणी निघून जावं म्हणून अंगणातला नळ सोडला आणि आत धावले.

हे भिंतीला रेलून उभे, चेहऱ्यावर सभेतलं हसू. "बघ, थांबवलं मी पाणी!"

गोधडी त्यांनी खरंच बाहेर काढली होती. तिचाच बोळा करून भोकावर दाबून धरला होता.

मी ती ओढून घेतली, नाकाला लावली. गंजाचा आणि ओल्या चुन्याचा वास आला. दुसरा कुठलाच नाही. मी तिथेच पाण्यात बसले आणि आईला हाका मारत रडले.

हे घसा खाकरून, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "निवेदिता, आता चावी सोडू का? माझी दाढी राहिलीय."