कुरळेच राहतील

घरात तिला सगळे झिपरी म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. केसच तसे होते. दाट, राठ, कुरळे. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागल्यापासून दोन वर्षं ती रोज सकाळी तासभर मशीनने ते सरळ करत होती. शनिवारी मालकीणबाईंनी फर्मान काढलं, "सोमवारी जाहिरातीचे फोटो आहेत. केस अगदी चापूनचोपून सरळ हवेत."

संध्याकाळी आणखी चापून बसतात का बघायला तिने मशीन फिरवलं, तर जळका वास आला आणि वीतभर बट तुटून हातात आली. झिपरीने मशीन माळ्यावर टाकून दिलं.

"आता काय करणार?" आईने विचारलं.

"धुणार."

रविवारी तिने आत्याला बोलावून घेतलं. आत्याचेही केस असेच; चाळीस वर्षं तिने ते करकचून अंबाड्यात कोंडले होते. दोघी मोरीत बसल्या. शाम्पू फक्त मुळांशी लावला. मग ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडून, टोकांपासून वर जात, बोटांनीच गुंता सोडवला. आत्याने टॉवेल उचलला तशी झिपरी म्हणाली, "घासू नकोस गं, पिंजारतात." जुन्या सुती टी-शर्टात दाबून तिने केस टिपले.

वाळल्यावर आत्या आरशासमोरून हलेना. "माझे असे आहेत होय," ती म्हणाली, आणि मोकळ्या केसांनीच घरी गेली.

सोमवारी मालकीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा काय अवतार? जा, सरळ करून ये."

"बाई, केस स्वच्छ धुतलेत. फोटोत मी आले तर हेच येतील."

"मग फोटोत येऊच नकोस."

"बरं," झिपरी म्हणाली आणि काउंटरवर जाऊन बसली. मान ताठ होती.

फोटो तिच्याशिवाय निघाले. मंगळवारी ती तशीच आली, बुधवारीही. बाई आठवडाभर धुसफुसल्या, पण सगळ्यात जास्त चष्मे झिपरीच विकायची. तिला काढणार कशा? हळूहळू त्यांनी तो विषयच सोडला.

दुकानाबाहेर त्या फोटोंचा फलक लागला, तेव्हा झिपरीला जरा टोचलंच. मग बटा कानामागे सारून ती समोरच्या आजोबांना म्हणाली, "मान वर करा, दांडी सैल आहे का बघते."