मटाराएवढं अ‍ॅसिड

तक्रारखिडकी शेवटी बंद झाली नाही. पण हे तुम्हाला अजून माहीत नाही, असं धरून चालू. खिडकीतल्या कारकुनालाही त्या सोमवारी माहीत नव्हतं.

त्याच्या हातात वरून आलेलं पत्र होतं. वर्षभरात एकही तक्रार न आल्यानं तीन महिन्यांनी खिडकी बंद करून आपली रवानगी तळघरातल्या दफ्तरखान्यात करण्यात येईल.

"गावात एवढं सुख कधी आलं?" शिपाई म्हणाला.

सुख कसलं! कारकुनाचं तोंड. गालांवर लाली, नाकावर पुटकुळ्या, सदा संतापल्यासारखं, वर्षानुवर्षं. लोक तावातावानं यायचे, ते तोंड बघायचे आणि "राहू द्या साहेब, माझंच चुकलं," म्हणत आल्या पावली परतायचे. बिचाऱ्यानं जन्मात मांजरसुद्धा हाकललं नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं: रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावरची न जाणारी लाली, सोबतीला मुरमं. दोन्हींवर औषध एकच, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचं मलम.

"अ‍ॅसिड?" बायको किंचाळली. "त्यानं आपण संडास धुतो!"

"ते वेगळं, हे वेगळं. हे गव्हातसुद्धा असतं," बाई म्हणाल्या. "मटाराएवढं, दोन वेळा. थोडं चुणचुणेल. आणि तीन महिने धीर धरा."

धीर सोडून बाकी सगळं त्यानं धरलं. मुदत कमी, म्हणून पहिल्याच दिवशी अर्धी ट्यूब फासली. तोंड असं पेटलं, की शिपायानं आग विझवायचं नळकांडं भिंतीवरून उतरवून जवळ ठेवलं.

"मटाराएवढं म्हणाल्या होत्या," बायको म्हणाली, "मटाराच्या पोत्याएवढं नाही."

तोंड निवल्यावर मात्र सकाळ-संध्याकाळ तीच चष्मा लावून त्याच्या बोटावर माप काढून देऊ लागली.

अकराव्या आठवड्यात एक आजी खिडकीशी आल्या. वाकून आत बघितलं.

"तुम्ही नवीन वाटतं? आधीचे फार तापट होते हो."

"त्यांची बदली झाली," कारकून म्हणाला. "बोला, आजी."

आजी बोलल्या. गल्लीतल्या बंद दिव्यापासून गुडघ्यांवरून थेट सुनेपर्यंत, चाळीस मिनिटं, उभ्यानं. मागे रांग लागली. कारकुनानं सगळं टिपून घेतलं, सूनसुद्धा.

पुढच्याच आठवड्यात बंदीचा हुकूम मागे घेतल्याचं पत्र आलं. उत्तरादाखल त्यानं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला:

"महोदय, खिडकी चालू ठेवल्याबद्दल आभारी आहे. तरी खिडकीच्या बाहेरील बाजूस तक्रारदाराकरिता एक खुर्ची मंजूर व्हावी, आणि तक्रार खोटी निघाल्यासही त्यास बोलणे संपेपर्यंत तीवरून उठवू नये, ही नम्र विनंती."