भिंतीवरचा ठिपका

शहाजीने पहिली कानफटात मारली तेव्हा माझा चष्मा टेबलाखाली गेला. दुसरी बसल्यावर तो का मारतोय हे विचारायची गरज उरली नाही. मी बनवून दिलेल्या लेझरचा ठिपका अंधुक पडत होता.

मागच्या आठवड्यात तो माझ्या कोपरखैरण्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा मंडळाच्या डेकोरेशनला लेझर पाहिजे म्हणाला होता. न्हावा शेव्याच्या भंगारात सापडलेल्या बारकोड यंत्रातला डायोड काढून मी तो बनवला, पेन्सिल सेलवर चालणारा. हौस ना मला, भारी हौस! आज तोच लेझर त्याने रिव्हॉल्व्हरच्या नळीखाली चिकटपट्टीने गुंडाळून आणला. गोळ्या खिशात ठेवल्या आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर आपटलं.

"उद्या मार्केटच्या गेटवर काम हाय. समोरच्या माळ्यावरून. रणजीत म्हणून माथाडींचा मुकादम, लय उडतोय साला. पण हा ठिपका पेटतो आन लगेच बुजतो. ठीक कर."

रणजीतदाजी. माझ्या तेजश्रीचा नवरा.

चेहरा कोरा ठेवून मी मीटर लावला. नुसत्या सेलवर व्होल्टेज पूर्ण दिसत होतं. लेझर पेटवला की काटा खाली बसायचा. दोष तिथेच कळला. सेलमध्ये दम नव्हता, डायोड उत्तम होता. चांगले सेल घातले की दाजी मेले.

"डायोड गेला," मी म्हणालो. लेझर बंद करून मीटर त्याच्यासमोर धरला. "सेल बघा, पूर्ण भरलेत."

"डायोड गेला, मग सुरुवातीला पेटतो कसा?"

त्याने माझी डावी करंगळी पकडून उलटी वाकवली. कट्कन आवाज झाला. मी बोंबललो. शटर अर्धं खाली होतं, बाहेरून कोणी वाकूनही बघितलं नाही.

"दुसरं मोडू?"

"करतो, करतो."

सोल्डरिंग आयर्न तापवला, सेलच्या वायरी सोडवल्या आणि लेझर माझ्या पॉवर सप्लायला जोडला. मग नॉब पूर्ण पिळला. भिंतीवर ठिपका असा लखलखला की शहाजी हसला. "आयला, मिस्त्री!" तो हसत असतानाच ठिपका मेला. जास्त करंटने डायोड जळाला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दाजी वाचले असं वाटलं.

शहाजीने माझी मान धरून डोकं टेबलावर आपटलं. नाकातून भळाभळा रक्त आलं. मग तो शांतपणे चिकटपट्टी सोलायला लागला.

"जाऊ दे. जवळ जाऊन डोक्याला टेकवूनच घालतो. तसाबी तो एकटाच जातो घरी."

म्हणजे माझं बोट फुकटच मोडलं. डोक्यात सणक गेली. आयर्न उचलला आणि टेबलावरच्या त्याच्या उजव्या पंजात घुसवला, तर्जनीच्या मुळाशी, अंगाचा सगळा भार देऊन. तो गुरासारखा ओरडला. डाव्या हाताने माझ्या तोंडावर, मोडलेल्या बोटावर ठोसे घालत राहिला. मांस जळल्याचा वास सुटला. एक दात जिभेवर आला, तो थुंकलो, पण आयर्न सोडला नाही.

"सोड रे, सोड! कोन लागतो तुझा तो?"

"बहिणीचा नवरा," मी म्हणालो, आणि ते बोट पुन्हा कधी चापावर वाकणार नाही इतकं दाबलं.