साठ हात तोकडा धक्का

मी एक जुना धक्का आहे. रेवदंड्याच्या दक्षिणेला, एका लहान खाडीच्या तोंडाशी पडून आहे. आगगाडी आमच्याकडे कधी आलीच नाही. जे काही स्टेशन म्हणायचं ते मीच. काळा दगड, वर कौलारू छपरी, तिकिटाची खिडकी, टपालाची थैली टांगायचा खुंटा आणि दोन सागवानी बाक. मित्रांनो, खाऱ्या पाण्यात दगड लवकर म्हातारा होतो. मी थकलो आहे, त्यामुळे गोड बोलणं काही जमायचं नाही.

माझा जन्म १९२२ सालचा. माप घ्यायला साहेब आला तो नेमका पुनवेच्या भरतीला. पाणी काठाशी डुलत होतं आणि खोतांकडे कोंबडी शिजत होती. साहेबाने टेप धरली, आकडा लिहिला आणि तो जेवायला गेला. ओहोटीला पाणी कुठवर हटतं ते कुठल्याही कोळणीने सांगितलं असतं. पण कोळणीला विचारतो कोण? मी साठ हात तोकडा निघालो. उद्घाटनाला मात्र मला हार घातला, भाषणं झाली.

लाँच रोज सकाळी नऊला येई. भरती रोज पाऊण तास पुढे सरके. दोघींची गाठ पडली की प्रवासी कोरड्या पायांनी चढत. एरवी लाँच लांब उभी राही आणि मधे नुसता चिखल. त्यातली टणक वाट एकट्या मोरू कोळ्याला ठाऊक होती. तो माणसांना खांद्यावर बसवून पोचवी. खोत, खोतीणबाई, त्यांचा बोकडसुद्धा मोरूच्या खांद्यावरून गेला आहे. एकदा एक कासार शहाणपणा करून एकटाच उतरला आणि कमरेपर्यंत रुतला. चौघांनी दोर लावून त्याला काढला. त्याच्या बांगड्या अजून तिथेच आहेत.

अकरा वर्षं अशी गेली. मग १९३३ च्या मार्चात एका सकाळी महारवाड्यातला दयाराम त्याच्या मुलीला, जनीला, घेऊन आला. दयाराम पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला पलटणीतला माणूस. जनी सोळा वर्षांची. शाळेच्या ओट्याखाली बसून ती सातवी शिकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागला तिची फायनलची परीक्षा होती. पास झाली तर ती मास्तरीण होणार होती. परीक्षेला बसली नाही तर वैशाखात लग्न, असा शब्द दयारामने भावकीला देऊन ठेवला होता. दिवसाला लाँच एकच होती.

आणि नेमकी ओहोटी. छपरीत त्यांना मज्जाव, म्हणून बापलेक उन्हात उभे राहिले. तिकिटं देणाऱ्या दत्तात्रेय मास्तरांनी तिकीट हातात दिलं नाही, खिडकीतून खाली टाकलं.

"मोरू, पोरीला तेवढी पोचव," दयाराम म्हणाला.

"मला काय न्हाय रं दादा. पन खोताची मानसं बघतात. उद्या माजं म्हावरं कोन घेल?"

"बोकड चालतो तुला खांद्यावर?"

"बोकडाची जात कोन इचारतो?"

"बरं, नुस्ती वाट दाव. आमी मागं मागं येतो."

मोरूने मान खाली घातली. मास्तर खिडकीतून म्हणाले, "अरे, एवढी घाई कसली? तीन वाजता भरती आहे की!" आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

लाँचने पहिली शिट्टी दिली.

"बा, मी उतरते. रुतले तं रुतले," जनी म्हणाली.

"गप ऱ्हा. बसऱ्याला यापरीस वंगाळ चिखल व्हता. तोफा काढल्या आमी त्यातून."

दयाराम सरळ छपरीत शिरला. ज्या बाकांवर टेकायची त्याला बंदी होती, त्यातला एक त्याने उचलून आणला, मग दुसराही. पहिला चिखलावर पालथा टाकला. दोघं त्यावर चढली, दुसरा पुढे टाकला, त्यावर गेली आणि मागचा ओढून घेतला. असं करत करत ती पुढे निघाली.

"बाक विटाळले! अरे, बाक विटाळले!" मास्तर माझ्या टोकाशी नाचत होते.

लाँच चालवणारा सारंग होता चंदर. त्याने सुटायची दुसरी शिट्टी दिलीच नाही. ओरडून म्हणाला, "सावकाश ये गो बाय! इंजिन रुसलंय जरा!" इंजिन चांगलं धडधडत होतं. जनीने शिडी धरली तेव्हा उडालेल्या चिखलाने ती कमरेपर्यंत काळी झाली होती. डोक्यावरचं बोचकं तेवढं कोरडं होतं.

जनी पास झाली.

इकडे दयारामने बाक घासूनपुसून परत आणले. गावाने बैठक घेतली आणि बाक छपरीबाहेर टाकले. लाँचची कंपनी नवे देईना, गाव जुन्यावर बसेना. बाक रिकामे आणि माणसं उभी, असा कारभार चालला. खोतांचे गुडघे दुखत, तरी तेही उभेच. हसावं की रडावं ते मला कळत नसे.

दोन वर्षांनी जनी मास्तरीण होऊन गावी आली. परत जाताना ती त्या बाकावर निवांत बसली, मांडीवर छत्री घेऊन. लाँचला दोन तास उशीर होता. शेजारी मोरू उभा होता. माणसं वाहून वाहून त्याचे पाय सुजले होते. जनी सरकली.

"मोरूकाका, बसा."

"असू दे, बाय."

"पाय बघा केवढे झालेत!"

मोरूने खिडकीकडे पाहिलं. मास्तर बघत होते. "मला उभं ऱ्हायाची सवय हाय," तो म्हणाला, आणि पुरे दोन तास उभा राहिला.

मित्रांनो, धक्क्यावर घाण करू नका, दगडावर नावं कोरू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्यासाठी कुणी सरकून जागा केली, तर खिडकीकडे बघू नका. बसा.