लॉरीचं दावं

लॉरी कधी विकावी याची चर्चा आमच्या घरात तीन वर्षं चालली. म्हणजे मी बोलत होते आणि आमचे पाटील लॉरीखाली आडवे पडून ऐकत होते. लॉरीखाली पडलेल्या नवऱ्याला एक सोय असते. त्याला बायकोचं तोंड दिसत नाही, नुसते पाय दिसतात, आणि पायांना काय उत्तर द्यायचं!

मी जिजा. माझे वडील जव्हारला संस्थानाच्या जंगलखात्यात शिपाई होते, त्यामुळे मी चार यत्ता शिकले आणि मग पोशेऱ्याच्या वामन पाटलांना दिली गेले. शिकलेली मुलगी पाटलाच्या घरी पडली म्हणून सगळ्यांना आनंद झाला होता. तेव्हा पाटलांच्या दावणीला बैलांच्या दोन जोड्या होत्या. त्या दोन्ही देऊन पाटलांनी नाशिककडच्या एका ठेकेदाराकडून ही लॉरी आणली. लाकूड, गवत, हिरडा, सगळं आता हिच्यातून जाणार होतं आणि बैलगाडीवाले बघत राहणार होते. लॉरी देताना तो ठेकेदार रडला म्हणे. पाटील मला कौतुकाने सांगत होते, किती जीव होता बघ त्याचा. ते रडणं कशाचं होतं ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

बैलगाडीवाले मात्र खरंच बघत राहिले. लॉरी घाटात थांबली की ते आपापल्या गाड्या बाजूला लावायचे आणि तंबाखू मळत निवांत बघायचे.

आता विकायची कधी? चांगली चालत असली की पाटील म्हणत, "चालती गाडी कोन इकतो? येडा हाय का मी?" बंद पडली की म्हणत, "बंद गाडी कोन घेतो? आधी चालू तर होऊ दे." चालू असताना विकवत नाही आणि बंद असताना विकली जात नाही, अशा वस्तूला आमच्याकडे संसार म्हणतात. दिवाळीनंतर विकू, होळीनंतर विकू, नवे टायर टाकले की विकू. नवे टायर टाकल्यावर साहजिकच नव्या टायरांची गाडी कोण विकतो!

मला लॉरीशी वैर नव्हतं. माझं दुखणं बैलांचं होतं. भाताची चिखलणी लॉरीने होत नाही. दोन वर्षं माझा दीर नवसू त्याची जोडी चार दिवस द्यायचा, आणि देताना वर्षभर पुरेल इतकं ऐकवायचा. यंदा वैशाखातच त्याने सांगून टाकलं, "वहिनी, लॉरी जुंपा आता. माझी जोडी नाय मिळायची." म्हणजे मिरगाच्या पावसाआधी दावणीला बैल आले नाहीत, तर आमचं भात लागणार नव्हतं. पाटलाच्या घरात वर्षभर नागलीच्या भाकरीवर काढायचे दिवस आले असते. नागली मला आवडते. पण शेत पडीक ठेवून नागली खाल्ली की ती घशाखाली उतरत नाही.

आणि मग देव पावला. मोखाड्याचा फागू लॉरी घ्यायला तयार झाला.

हा फागू कोण, तर बैलगाडीवाला. एकच जोडी, लाल्या आणि सर्जा, पण जोडी अशी की चढावर मागे वळून बघणार नाही. मी ती जोडी चांगली ओळखत होते. आमची लॉरी चार वेळा रस्त्यात मेली तेव्हा चारही वेळा तिला ओढून पोशेऱ्याला आणली ती याच जोडीने. जो माणूस चार वेळा आपल्या बैलांनी लॉरी ओढून आणतो, त्याच माणसाला पाचव्या वेळी वाटतं की बैल द्यावेत आणि लॉरी घ्यावी. पुरुषांच्या डोक्यात काय असतं ते देवाला ठाऊक. मी विचारायला गेले नाही. आलेलं गिऱ्हाईक शहाणं करून सोडण्याइतकी मी शिकले नव्हते.

बदल्यात बदली ठरली. लॉरी द्यायची, जोडी घ्यायची, वर काही नाही. फागू लॉरी बघायला आला तो बैल बघतात तशी बघायला. मागे गेला, पुढे आला, दोन ठिकाणी थोपटलं, पुढच्या जाळीत बोटं घालून बघितली. अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे ते तेवढं विचारलं नाही. मग दोघे ओट्यावर बसले आणि उपरण्याखाली हात घातले. बाजारात जनावराचा सौदा असाच होतो, उपरण्याखाली बोटं दाबून, कोणाला दिसू नये म्हणून. इथे बोटांनी सांगायला काही उरलंच नव्हतं, तरी दोघे अर्धा तास हात धरून गंभीर चेहऱ्याने बसले. नंतर कळलं की भोंगा लॉरीबरोबर द्यायचा की नाही यावर सौदा अडला होता. भोंगा गेला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे रडणं खरं होतं.

पुढचे चार दिवस पाटलांनी फागूला गाडी हाकायला शिकवली. आमच्याकडे सपाट जागा शोधून सापडत नाही, म्हणून लॉरी कायम उतारावर उभी असायची. चाकाखालचा धोंडा काढला की ती गडगडत निघायची आणि अर्ध्या उतारावर जागी व्हायची. पुढून हँडल फिरवून चालू करायची रीत होती, पण एकदा हँडल उलटं फिरलं आणि पाटलांचं मनगट दोन महिने सुजलं. तेव्हापासून ते हँडल घरात खुंटीवर, दाव्यांशेजारी टांगलेलं होतं.

पाचव्या दिवशी फागू जोडी घेऊन आला. मी लॉरीला हळदकुंकू लावलं, बैलांच्या पायांवर पाणी घातलं. फागूने बैलांच्या गळ्यातली दावी सोडली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. हे बरोबरच होतं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर दावणीची बरकत जाते. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. माझी दावी तयारच होती, मी ती बांधली. इतक्यात पाटील आतून हँडल घेऊन आले.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांनी दावं दिलं का?"

"नाय," पाटील म्हणाले.

"मंग तुमी कसं देता? ज्यानं गाडी जागची हालते ते दावंच की. आपल्या घरची बरकत काय वाटंवर पडलीय?"

फागूने मान डोलावली. "खरं हाय वहिनी. दावं कोन देतो? आमी आमचं बघू." पाटील आत गेले. हँडल पुन्हा खुंटीला अडकवून आले. त्यांचा चेहरा एवढा शांत का झाला याचा मला तेव्हा विचार पडायला हवा होता. पण मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते, आणि माणूस स्वतःवर खूश असला की त्याला समोरचं दिसत नाही. धोंडा काढला, लॉरी गडगडली, जागी झाली, गेली. मी त्या दिवशी तांदळाची खीर केली.

चार दिवसांनी लॉरीवाला फागू पायी आला. हनुवटीला फडकं बांधलेलं होतं.

झालं होतं ते असं. फागूचं घर मोखाड्याच्या बाजाराला लागून, आणि बाजाराची जागा तळहातासारखी सपाट. लॉरी तिथे पोचली, थांबली ती थांबलीच. बाजारचा दिवस आला तरी ती मधोमध उभी, तिच्या सावलीत सुक्या मासळीवाल्या बसल्या. आठ गड्यांनी ढकलली, पण तिला आमच्याकडच्या उताराची सवय, सपाटीवर ढकललेलं तिला कळेना. लोहाराने एक हँडल वाकवून दिलं. ते पहिल्याच फेऱ्यात सुटलं आणि फागूच्या हनुवटीवर बसलं. बैलांनी ओढून उतारावर न्यावी, तर बैल आमच्या दावणीला.

"हँडल द्या," फागू म्हणाला, "नाय तर माझे बैल परत द्या. तुमची लॉरी तुमाला."

पाटलांनी मोठा सुस्कारा टाकला. "फागू, मी दिलं आसतं रं. पन दावं कसं देनार? घरची बरकत हाय ती. जिजाच म्हनाली." आणि मग, अगदी नाइलाज झाल्यासारखं, "जा बाबा, घेऊन जा बैल. लॉरी मी आनतो."

तेव्हा मी नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं. तीन वर्षांत दिवाळीलासुद्धा हा माणूस इतका आनंदात नव्हता. लॉरी त्याने विकलीच नव्हती, चार दिवस पाहुणी म्हणून धाडली होती. आणि तिला परत आणायचा रस्ता माझ्याच तोंडून काढून घेतला होता. मला राग आला तो त्याचा नाही, माझा आला. मिरगाला अठरा दिवस होते. पेरायचं भात पाखडून ठेवलं होतं.

मी उठले, खुंटीवरचं हँडल काढलं, पदराखाली घेतलं. "चला फागूभाऊ."

"आगं, बरकत..." पाटील म्हणाले.

"माझ्या नावावर जाऊ दे. तुमची तुमच्याजवळ ठेवा."

हँडल मी फागूच्या हातात दिलं नाही. लॉरी चालू झालेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी परतणार नव्हते, नाही तर आठवड्याने हा पुन्हा दुसरं फडकं बांधून दारात उभा राहिला असता. उन्हातून दोघे मोखाड्याला पोचलो. फागूने हँडल घातलं, मी त्याला अंगठा कुठे ठेवू नये ते सांगितलं. दोन फेरे फुकट गेले. तिसऱ्याला लॉरीने मासळीवाल्यांच्या टोपल्यांवर धूर सोडला आणि धडधडायला लागली. फागूने टाळी वाजवली, भोंगा वाजवला, वर चढला आणि बाजाराला वळसा घालायला गेला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता बैल माझे होते.

फागूची बायको सोमी दारात उभी होती. तिला मी याआधी कधी बघितलं नव्हतं. तिने मला सावलीत बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. तिची नजर पोशेऱ्याच्या रस्त्यावर होती.

"लाल्या खातो का गं बाय?" तिने विचारलं.

"खातो. पन आडमुठा हाय. जू टाकलं का उजवीकडं मान फिरवतो."

"तू उजव्या आंगाला जुंपतेस त्याला?" ती म्हणाली. "तो डाव्याच आंगाला चालतो. वासरू होता तव्हापासून. आन त्याला पानी आधी दाखव, मंग चारा. सर्ज्याचं काय नाय, सर्जा गरीब हाय. मी वाढवलं दोघांना. यांनी इचारलं नाय मला. सांगितलं नुसतं."

लाल्या डाव्या अंगाला, आधी पाणी, मग चारा, हे मी मनात घोकलं.

"लॉरीचं सांग ना," ती म्हणाली. "तिला काय लागतं ते मला ठावं नाय."

मी सांगितलं. पाणी कुठून घालायचं, गरम असताना टोपण उघडायचं नाही, कायम उताराला उभी करायची, चाकाखाली धोंडा कसा लावायचा. ती मान हलवत एकेक गोष्ट मनात ठेवत होती, जशी मी लाल्याची ठेवली होती.

"आन काढायची कव्हा?"

"सकाळी," मी म्हणाले. "ऊन चढायच्या आधी काढावी. घाटात तापत नाय."

"तसं नाय गं. काढून टाकायची कव्हा?"

तीन वर्षं पाटलांना जे सांगत आले ते तिला सांगताना माझा आवाज खाली आला. "पयल्यांदा बंद पडंल ना, त्याच दिशी. फागूभाऊ म्हनतील, दुरुस्त करू. ऐकायचं नाय. दुसऱ्याच दिशी देऊन टाकायची."

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पन बाय, बंद पडलेली घेईल कोन?"

हाच प्रश्न मी तीन वर्षं देवाला विचारत होते, आणि उत्तर मिळालं त्या दिवशी घरात खीर केली होती. उत्तर माझ्यासमोर उंबऱ्यावर बसलं होतं. मला लाज वाटली. पण बैल परत नेऊन बांध, असं माझ्या तोंडून निघालं नाही. चिखलणी तोंडावर आली होती.

"आनखी पानी देऊ का?" सोमी म्हणाली. मी हो म्हटलं, प्याले, आणि पोशेऱ्याच्या वाटेला लागले.