गाळलेली अक्षरं

श्रीधरपंत जोगांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची वेलांटी चुकलेली दिसली की त्यांना दिवसभर जेवण गोड लागायचं. निवृत्त होऊन धायरीला राहायला आले, तरी खोड गेली नाही. सोसायटीच्या सूचनाफलकावरही लाल पेनानं दुरुस्त्या चालायच्या. अशा माणसाच्या हातून चूक व्हावी, आणि तीही अक्षरांचीच!

त्यांच्या पत्नीचं, मंदाकिनीबाईंचं हृदय थकलं होतं. डॉक्टर रझिया इनामदारांनी पहिल्याच भेटीत रक्त तपासून घेतलं. तपासणीचं नाव एनटी-प्रो-बीएनपी, आकडा चार हजार दोनशे.

"हृदयावर किती ताण आहे ते यातून कळतं. पुढचे महिने कसे जातील, त्याचाही अंदाज येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तीन महिन्यांनी हीच तपासणी करा आणि रिपोर्ट घेऊन या. आकडा उतरला नाही, तर लगेच औषधं बदलावी लागतील."

तीन महिन्यांनी पंत बायकोला घेऊन फाट्यावरच्या लॅबमध्ये गेले. डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली. चिठ्ठी लागते ती विसराळू माणसांना, असं त्यांचं मत होतं.

"काका, बीएनपी की प्रो-बीएनपी?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"प्रो म्हणजे तुमचा महागडा प्रकार असणार. तो ठेवा तुमच्याकडेच. साधी बीएनपी करा."

रिपोर्ट आला. नऊशे दहा! पंतांनी पेढे आणले. त्यांची मुलगी स्वराली रजा काढून बंगळुरूहून यायची होती. तिला फोन लावला. "येऊ नकोस. तुझी आई आता पाव हिश्श्यानंसुद्धा आजारी नाही." डॉक्टरांची वेळही त्यांनी रद्द केली. दोन तास ताटकळायचं आणि कागदावर दिसतंय तेच ऐकून यायचं, हे उद्योग सांगितलेत कुणी?

"अहो, पण मला दम लागतोय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तीन उशा घेतल्याशिवाय आडवं होववत नाही. पाय सुजलेत, चप्पल शिरत नाही."

"मग चप्पल बदल. रिपोर्ट बदलत नसतो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं. पंतांनी कागदच त्यांच्या नाकासमोर धरला. मग त्यांनी सांगणं सोडलं. या घरात कुठे थांबायचं, ते त्यांना पंचेचाळीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

बाविसाव्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता त्या खुर्चीतच घुसमटल्या. ओठ निळे पडले. अँब्युलन्स आली, शेजारी धावले, आणि पंत मात्र रिपोर्टची फाइल शोधत होते.

अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर रझियांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"काका, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात. आणि बीएनपी नऊशे दहा म्हणजे खूप वाईट. तेव्हाच आला असतात तर..." त्या थांबल्या. "स्वरालीला बोलावून घ्या."

पंतांनी कागद हातात घेतले. पहिल्यावर बीएनपीच्या आधी 'एनटी-प्रो' ही अक्षरं होती, चांगली ठळक. दुसऱ्यावर नव्हती. तीन आठवड्यांत हा कागद त्यांनी निदान पन्नासदा वाचला असेल, तोही मोठ्यानं, तोही तोऱ्यात. "गाढव!" ते पुटपुटले. ही शिवी त्यांनी आजवर कितीतरी जणांना घातली होती. योग्य माणसाला ती आज लागली.

पाच मिनिटांसाठी त्यांना आत सोडलं.

"अगं, माझी चूक झाली," ते म्हणाले. "बीएनपीच्या आधीची अक्षरं मी वाचलीच नाहीत."

मंदाकिनीबाईंनी मास्क जरासा उचलला.

"कागद वाचलात हो तुम्ही," एकेक शब्द तोडत त्या म्हणाल्या. "मला वाचायचं होतं."

नर्सनं मास्क पुन्हा नीट बसवला. त्यांना कुठलं वाचणं म्हणायचं होतं, हे विचारायची श्रीधरपंतांची छाती झाली नाही.