शेवटचा फर्मा

"खोटं वाटेल तुम्हाला, बाई. आजवर ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने एकतर हसून घेतलं, नाहीतर घड्याळाकडे बघितलं. पण माझ्या बायकोने ह्या कादंबरीची नायिका दारातून माघारी आणली. चक्क हाताला धरून."

ग्रंथपालबाईंनी बांधणीला आणलेल्या गठ्ठ्यात तीच कादंबरी निघाली, पाठ उसवलेली, म्हणून विषय निघाला. शेजारी माझी मुलगी शिलाईला बसली होती. ती मान वर न करता टाके घालत राहिली.

"तुम्ही वाचलीय ही, काका?"

"मी बांधणारा. वाचायची ती. दरवर्षी एकदा, पहिल्या पानापासून."

आणि मी सांगायला लागलो. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात डाव, असं तिचं वाचन. त्या आठवड्यात घरात न करपलेलं काही मिळत नसे. दूध इतकं उतू जाई की गल्लीतली मांजरं दारात नंबर लावून बसत, आणि पुढे घुसणाऱ्या बोक्याला बाकीची दम देत.

नायिका एका घोडेवैद्याची बायको. औषधांत नवऱ्याहून हुशार. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. तिचं ऐकून मात्र घेत नाही. शेवटच्या प्रकरणात ती भर दुपारी पेटी उचलते आणि चालू लागते.

माझ्या बायकोने लग्नाआधी शिक्षिकेची परीक्षा दिली होती. "अहो, शाळेत विचारून बघू का?" ती म्हणायची. की मी एक गोष्ट सांगायचो. फळ्याने गिळलेल्या मास्तरणीची. तिची वेणी म्हणे अजून फळा पुसायला वापरतात. ती खूप हसायची. मग नुसतीच हसायची. मग हसेनाशी झाली, तरी मी सांगतच राहिलो. मला दुसरं येतंय काय?

एकदा मी चिडवलं, "बाई घर सोडून जाते आणि तू दरवर्षी तिला निरोप द्यायला हजर. तुझी कोण लागते ती?"

"निरोप नाही देत," ती म्हणाली. "तिला निघायला तीनशे पानं का लागली, ते बघते."

त्या दिवसापासून ती पुस्तक उघडून बसली, की मी दाराकडे बघायला लागलो.

पुढच्या वर्षी पुस्तकाची पानं सुटायला लागली. "नीट बांधून द्या," म्हणून तिने माझ्याच हातात दिलं. आम्ही सोळा पानांच्या जुडीला फर्मा म्हणतो. पुस्तक म्हणजे असे फर्मे एकापुढे एक शिवलेले. मी शेवटचा फर्मा काढला. जाडी कमी दिसू नये म्हणून तिथे सोळा कोरी पानं शिवली. नायिका दाराशी आली, कडीला हात लावला, की पुढे काही नाही. काढलेल्या पानांच्या पट्ट्या कापल्या आणि दुसऱ्या पुस्तकांच्या पाठीला अस्तर म्हणून चिकटवल्या. गावातल्या निम्म्या नकाशांच्या आणि कायद्यांच्या पुस्तकांत, कापडाखाली, ती बाई अजून पेटी घेऊन चाललेली आहे.

"अरे देवा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि काकूंनी वाचल्यावर?"

"सांगतो ना. कोऱ्या पानांपाशी आली. एक उलटलं, दोन उलटली. मला वाटलं, आता पुस्तक डोक्यात बसणार. पण तिने दौत मागितली आणि लिहायला बसली. सोळाच्या सोळा पानं, एका बैठकीत. लिहिलं काय, तर नायिका कडीवरचा हात काढते, पेटी खाली ठेवते आणि नवऱ्याला म्हणते, 'बसा. आता मी सांगते, तुम्ही ऐका.' आणि तो ऐकतो. तेव्हापासून आमच्या घरात गोष्टी ती सांगायची. एकतीस वर्षं. मी हुं सुद्धा केलं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते पुस्तक वाचनालयाला द्या ना, काका. काचेत ठेवू."

"तिच्याबरोबर गेलं ते," मी म्हणालो.

मुलीचा दोरा थांबला.

"बाबा," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, सुईकडे बघून. "आईने काही लिहिलं नव्हतं. पुस्तक माझ्या कपाटात आहे. पानं अजून कोरीच आहेत."

"अगं, तू लहान होतीस."

"नऊ वर्षांची होते. समोरच बसले होते. ती कोऱ्या पानांवरून बराच वेळ हात फिरवत राहिली. मी विचारलं, संपली का गोष्ट? म्हणाली, संपली नाही, काढून घेतलीय. मग उठली आणि कपडे भरले. जाताना म्हणाली, कडी लावून घे. हात पुरत नव्हता. स्टुलावर चढून लावली मी."